सोमवारी खुर्चीवर काय बदलणार?

नारायणगावात मी दातांचा दवाखाना टाकला तेव्हा खाली बियाणं आणि शेतीची औषधं विकणारं दुकान होतं आणि वर मी. जिन्यात कायम कीटकनाशकाचा उग्र वास असायचा. नवीन पेशंट नाकाला पदर नाहीतर रुमाल लावूनच वर यायचा आणि आधी विचारायचा, हा वास तुमच्या औषधाचा का म्हणून. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. महाळुंगे पडवळच्या शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला खरा, पण नुसता दातांचाच झाला, याचं गावाला जरा वाईटच वाटत होतं. दुखला दात की काढायचा, एवढीच लोकांची माझ्याकडून अपेक्षा होती आणि मी दिवसभर तेच करत होतो.

वेडेवाकडे किंवा पुढे आलेले दात घेऊन एखादं पोर आलं, की मी आईबापांना पुण्याला जायला सांगायचो. ते मान डोलवायचे आणि जायचे नाहीत. तारा लावायच्या म्हणजे दीड-दोन वर्षं, दर महिन्याला एक खेप. पश्चिमेच्या डोंगरातल्या मढच्या बाजूच्या माणसाला पुण्याला जाऊन यायचं तर सबंध दिवस मोडायचा, पोराची शाळा बुडायची ती वेगळीच. दात सुखरूप असताना नुसते सरळ करायला एवढं कोण करणार? पण ती पोरं ओठ मिटायची धडपड करत समोर बसलेली असायची आणि मला ते बघवायचं नाही. शेवटी एकदा मी पुण्याला माझ्या कॉलेजात गेलो आणि माझ्या जुन्या मॅडमना विचारलं, महिन्यातून एकदा आमच्याकडे याल का?

मॅडम आम्हाला दात सरळ करण्याचा विषय शिकवायच्या. तोंडी परीक्षेत त्यांच्यासमोर बसायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा. उत्तर चुकलं तर त्या रागवायच्या नाहीत. उत्तर बरोबर आलं की खरी पंचाईत व्हायची. पाठ केलेलं त्यांना लगेच ओळखू यायचं. मग त्या म्हणायच्या, ‘आता हेच तुझ्या आईला समजेल असं सांग.’ तिथे आम्ही सगळे अडकायचो.

माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत मिळून दातांचे डॉक्टर किती असतील? मी म्हटलं, बोटांवर मोजता येतील एवढे. तर म्हणाल्या, ‘मग रविवारी येते. सकाळी तुझे पेशंट बघू. दुपारी त्या सगळ्यांना बोलाव. एकट्या तुझ्यासाठी मी एसटीत एवढं बसणार नाही.’

पहिल्या रविवारी मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो. पुणे-नाशिक गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत झेरॉक्स कागदांचा गठ्ठा. वाटेत कागदांवर पेन्सिलीने खुणा करत आल्या होत्या. गाडीच्या धक्क्यांनी त्या रेघा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. सकाळी पेशंट झाले. दुपारी माझ्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मंचर, ओतूर, जुन्नर, घोडेगाव अशा ठिकाणचे सहा-सात डॉक्टर गोळा झाले. त्यात सगळ्यांत ज्येष्ठ मंचरचे एक डॉक्टर होते. त्यांचा हात हलका म्हणून प्रसिद्ध. अक्कलदाढ काढावी तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे.

आणि नेमका अक्कलदाढेचाच संशोधनाचा पेपर मॅडमनी आणला होता. आम्ही सगळेच तेव्हा पेशंटला सांगत होतो, की अक्कलदाढ मागून ढकलते, म्हणून खालचे पुढचे दात वाकडे होतात, तर ती काढून टाका. मॅडमनी इंग्रजीतला तो अभ्यास आम्हाला वाचून दाखवला. तक्ते दाखवले, आकडे दाखवले. आम्ही माना डोलवल्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘बरं. मग सोमवारी खुर्चीवर काय बदलणार?’

खालच्या दुकानात कोणीतरी फवारणीच्या पंपाचा दांडा हलवून बघत होतं, तेवढाच आवाज. मॅडमच्या लक्षात आलं, की आम्हाला काही कळलेलं नाही. आमच्यातले बहुतेक मराठी शाळेतून आलेले. इंग्रजीतली पुस्तकं परीक्षेपुरती पाठ केलेली. डिग्री मिळाल्यावर असला कागद कोणी हातात धरला नव्हता. धरला असता तरी त्यातल्या आकडेमोडीत पहिल्याच पानावर बुडालो असतो. त्यांनी कागद पिशवीत ठेवले आणि माझ्या बायकोने आणलेला चहा घेतला.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. पुढच्या महिन्यात ती चहा घेऊन आली तेव्हा मॅडमनी तिला थांबवून घेतलं. म्हणाल्या, ‘तू बस. मी सांगते ते तुला कळलं नाही तर हात वर कर. तुझा हात वर गेला, की समजायचं, मलाच ते नीट कळलेलं नाही.’ बायको संकोचून खुर्चीच्या कडेवर बसली. मॅडमनी जुन्या कॅलेंडरची पानं आणली होती. त्यांच्या कोऱ्या पाठीवर जाड पेनने मराठीत लिहिलेलं होतं. तोच अक्कलदाढेचा पेपर, पण या वेळी गोष्टीसारखा. काही मुलांच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या. कोणाच्या काढायच्या हे डॉक्टरने मनाने ठरवलं नाही.

इथे बायकोचा हात वर गेला. तिने विचारलं, ‘डॉक्टरने का नाही ठरवायचं? त्यालाच तर कळतं ना?’

मॅडमना हाच प्रश्न हवा होता, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्या म्हणाल्या, समजा तुझ्या घरच्यांनी नवीन खत विहिरीजवळच्या वावराला घातलं आणि जुनं खत माळावरच्या वावराला. पीक विहिरीजवळ जोमदार आलं. मग ते खताचं का पाण्याचं? बायको म्हणाली, पाण्याचं. मॅडम म्हणाल्या, ‘डॉक्टर पण तसंच करतो. ज्याचे दात बरे होणार असं त्याला आतून वाटतं, त्याच्यावरच नवीन उपाय करतो आणि मग उपायाला नावाजतो. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या.’ आणि चिठ्ठ्या टाकून बघितलं, तर दाढा काढलेल्या आणि ठेवलेल्या मुलांचे पुढचे दात जवळपास सारखेच वाकडे झाले होते.

एवढं सोपं करून आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. खुद्द मॅडमनीही नाही. त्या दुपारी शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि घोडेगावचे डॉक्टर दबकत म्हणाले, की अक्कलदाढ दुखत नसेल, सडली नसेल, तर निव्वळ पुढचे दात वाकडे होतील या भीतीने सोमवारपासून काढायची नाही. मंचरचे डॉक्टर निरोप न घेताच जिना उतरले. मला वाटलं, हे आता परत येणार नाहीत. पण पुढच्या महिन्याच्या रविवारी सगळ्यांच्या आधी तेच येऊन बसले होते.

असे आमचे रविवार सुरू झाले. महिन्याला एक पेपर, जास्त नाही. कधी तारा काढल्यावर दात पुन्हा मूळ जागी का सरकतात आणि ते जागेवर धरून ठेवणारा रिटेनर किती दिवस घालायला लावायचा, कधी तारेला जोर किती द्यायचा. एकदा मॅडमनी तारा लावलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे डाग का पडतात, ते सांगितलं आणि रोज रात्री फ्लोराइडच्या पाण्याने चूळ भरायचा उपाय सांगितला. तेव्हा ओतूरच्या डॉक्टरांनी शंका काढली, की आमच्याकडची पोरं डागाआधी तारच तोडून आणतात, कारण दिवसभर ऊस खातात. पेपरात उसाबद्दल काही आहे का? मॅडम मनापासून हसल्या. म्हणाल्या, पेपर लिहिणाऱ्याने ऊस दाताने सोललेला नसणार. मग त्यांनीच आम्हाला कामाला लावलं. कोणाची तार कशाने तुटली ते पोरांनाच विचारा आणि पुढच्या खेपेला मला सांगा. ऊस, गुडदाणी, वाळलेलं खोबरं, असं बरंच काही निघालं. तेव्हापासून तारा बसवताना आम्ही पोरांना नुसतं ‘कडक खाऊ नको’ न म्हणता ‘उसाचे बारीक करवे, तुकडे करून मागच्या दाढांनी चावून खा’ असं सांगू लागलो आणि तारा तुटायच्या बऱ्याच कमी झाल्या. परदेशातला अभ्यास आणि आमच्या खुर्चीवरचं पोर यांच्यामध्ये एक वाट असते आणि ती कोणीतरी रोज चालून मळवावी लागते, हे मला मॅडमकडे बघून समजत गेलं.

मग आण्याची मुलगी आली.

आणे म्हणजे तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाचं पठार. तिचे वडील पिकअप चालवायचे. पठारावरचा भाजीपाला खाली मार्केटला आणायचे. एका रविवारी गाडी रिकामी करून मुलीला घेऊन वर आले. मुलगी नऊ-दहा वर्षांची, काटक, डोळे चमकदार. वरचे पुढचे दात एवढे बाहेर, की खालचा ओठ त्यांच्या मागे जाऊन बसायचा. मॅडमनी तिला बराच वेळ तपासलं, साचे घेतले आणि वडिलांना सांगितलं, की पुढच्या खेपेला प्लेट बसवू. तोंडात काढता-घालता येणारी प्लेट, तिने खालचा जबडा पुढे यायला मदत होते. मोठी झाल्यावर तारा लावू. वाढीच्या वयात लवकर सुरू केलेलं बरं, हेच मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं, त्यांच्याकडून शिकलेल्या सगळ्यांनाच शिकवलं होतं. त्यांनी स्वतः शेकडो मुलांना प्लेटा दिल्या असतील.

पुढच्या महिन्यात मुलगी आणि वडील सकाळी येऊन बसले होते. प्लेट तयार होती. पण मॅडमनी पेशंट बघायला सुरुवातच केली नाही. मला म्हणाल्या, ‘त्यांना चहा दे. मला आधी तुझ्याशी बोलायचंय.’ आतल्या खोलीत त्यांनी पिशवीतून कागद काढले. चिठ्ठ्या टाकून केलेले नवे अभ्यास आले होते. काही मुलांना लहानपणी प्लेट आणि नंतर तारा, काहींना लहानपणी काहीच नाही, एकदम मोठेपणी तारा. शेवटी दात आणि जबडा जवळपास सारखेच झाले. लवकर सुरू केल्याचा म्हणावा तसा फायदा दिसला नव्हता.

मॅडमच्या चेहऱ्यावर थकवा होता. त्या म्हणाल्या, ‘मी दोनदा वाचलं. आधी वाटलं, चूक काढता येईल. नाही निघाली.’

मी विचारलं, मग काय करायचं?

‘काय करायचं म्हणजे? तिला थांबायला सांगायचं. आणि दुपारी सगळ्यांना सांगायचं, की मी जे शिकवलं ते आता तसं धरू नका.’

त्यांनी बाहेर येऊन वडिलांना समोर बसवलं. प्लेट आता लावली तरी तारा टळणार नाहीत, मुलीला त्रास दोनदा, तुम्हाला खेपा दोनदा, आणि शेवट साधारण तोच, असं समजावलं. मुलीला शाळेत कोणी चिडवतं का तेही विचारलं. मुलगी वडिलांकडे बघून ‘न्हाई’ म्हणाली. वडिलांना जरा बुचकळ्यात पडल्यासारखं झालं होतं. मागच्या महिन्यात हीच बाई लावू म्हणाली आणि आता थांबा म्हणते. पण मॅडमच्या बोलण्यात काहीतरी होतं, ज्यावर माणूस विसंबायचा. ते बरं म्हणाले आणि गेले.

दुपारी मॅडमनी कॅलेंडरच्या पाठीवर ते सगळं मांडलं आणि शांतपणे सांगितलं, की या बाबतीत माझं शिकवणं आता बदला. मंचरचे डॉक्टर पुटपुटले, की माणसाने आयुष्यभर जे केलं ते एका कागदाने खोटं होतं का? मॅडम म्हणाल्या, ‘खोटं नाही हो. गरजेपेक्षा जास्त होतं.’ एवढ्या मोठ्या शिक्षिकेने आपल्याच विद्यार्थ्यांसमोर स्वतःचं शिकवणं असं उतरवून ठेवावं, हे मी तोवर कुठे बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्याबद्दलचा माझा आदर कित्येक पटींनी वाढला.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता आण्याच्या मुलीचे वडील आडवारी, रविवार नसताना, दवाखान्यात आले. मुलीच्या तोंडाला रुमाल. शाळेत खो-खो खेळताना खांबावर आपटली होती. पुढचा एक दात तिरपा अर्धा तुटला होता. तुकडा वडिलांनी कागदात गुंडाळून आणला होता, पण तो चुरडला होता, बसवण्याजोगा नव्हता. दाताच्या आतला जिवंत भाग ठिपक्याएवढा उघडा पडला होता. मी त्यावर औषध घातलं, वर दाताच्या रंगाचं सिमेंट लावून दात बांधला. मुलगी रडली नाही. वडील खिडकीपाशी उभे राहून खाली मार्केटकडे बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, ‘तुमी थांबा म्हणलात, आमी थांबलो.’

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी एसटीडी बूथवर जाऊन मॅडमना फोन लावला. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. दात हलतोय का, रंग बदललाय का, औषध कोणतं घातलं, पुन्हा कधी बघणार. शेवटी म्हणाल्या, ‘या रविवारी पेशंट दुपारनंतर ठेव. आपण आण्याला जाऊ.’ मी म्हटलं, त्यांनाच इकडे बोलावतो ना. त्या म्हणाल्या, ‘नको. जायला आपण पाहिजे.’

रविवारी आळेफाट्याहून आम्ही एसटीने निघालो. घाट चढून गाडी पठारावर आली तेव्हा खाली ओलीचिंब हिरवळ आणि वर आधीच पिवळं पडत चाललेलं गवत, असा फरक होता. मुलीचं घर रस्त्यालगतच होतं. वडिलांना आम्ही येऊ असं वाटलंच नव्हतं. त्यांची धांदल उडाली. शेजारून खुर्च्या आणल्या, पाणी आलं, चहाला आधण ठेवलं गेलं. मॅडमनी आधी मुलीला उजेडात नेऊन दात बघितला, थंड पाण्याची चूळ भरायला लावून दुखतं का ते विचारलं. दात जिवंत होता. मग त्या वडिलांसमोर बसल्या.

त्या म्हणाल्या, ‘भाऊ, ज्या कागदांवरून मी तुम्हाला थांबा म्हटलं, त्याच अभ्यासांत एक गोष्ट होती. पुढे आलेल्या दातांना मार लवकर बसतो. मी ते वाचलं होतं. पण बाकीच्या गोष्टींपुढे मला ते लहान वाटलं. तिच्या बाबतीत ते लहान नव्हतं.’

वडिलांनी विचारलं, ‘म्हंजी कागद खोटा व्हता का?’

‘नाही. कागद खूप मुलांचं मिळून सांगतो. सरासरी.’

‘सरासरी व्हय,’ ते म्हणाले. ‘आमच्या तालुक्याचा पाऊस बगा म्याडम. सरासरी लई चांगली असती. तिकडं मढाला धो धो पडतो आणि आमच्याकडं वल बी व्हत न्हाई. सरासरीत आमी बी भिजलेलंच असतो.’

हे ते टोमणा म्हणून बोलले नव्हते. रोजचं जे बोलायचे तेच बोलले होते. मॅडमनी मान हलवली आणि म्हणाल्या, की अगदी हेच झालं, पठाराकडे बघायचं माझ्याकडून राहिलं. माफी मागितल्याचं नाटक त्यांनी केलं नाही. पुढे काय करायचं ते मात्र नीट सांगितलं. दात बसायला काही महिने द्यायचे, तोवर लक्ष ठेवायचं, मग या मुलीला प्लेट लावायची, कारण ती पळणारी, पडणारी आहे आणि दुसरा दात जायला नको. तोवर खेळ बंद करायचा नाही. वडिलांनी तिचा खो-खो आधीच बंद केला होता. मॅडमनी तो परत सुरू करायला लावला आणि मला सांगितलं, की हिच्या दातांच्या साच्यावर रबरासारखं मऊ कवच बनव, खेळताना घालायला.

निघताना मॅडम मुलीला घेऊन अंगणाच्या कडेला गेल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या. परतीच्या गाडीत त्यांनी मला सांगितलं, की शाळेत तिला चिडवत होते. पहिल्यापासून. वडिलांना वाईट वाटेल म्हणून तिने त्या दिवशी नाही म्हटलं होतं. ‘हा प्रश्न आईबापांसमोर विचारायचा नसतो,’ त्या म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत मॅडमनी पेपर आणला नाही. आण्याच्या मुलीचीच हकीगत सांगितली. आपण काय वाचलं, काय ठरवलं, काय झालं, सगळं जसंच्या तसं. मंचरच्या डॉक्टरांना संधीच मिळाली. ते म्हणाले, म्हणून मी सांगत होतो, हे परदेशी अभ्यास आपल्या कामाचे नाहीत, आपला अनुभव बरा. आम्हाला वाटलं, आता मॅडम गप्प होतील. त्या म्हणाल्या, ‘अनुभवाने मी सगळ्याच पोरांना प्लेटा देत होते. त्यांतल्या कितीतरी जणांना नको होत्या. ते कधी कोणी मला येऊन सांगितलं नसतं. अभ्यासाने सांगितलं. ही एक मुलगी अभ्यासात बसली नाही, ते मला तिच्या बापाने सांगितलं. मला दोन्ही पाहिजे.’

नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून पुढे आलेल्या दातांच्या मुलांना काय काय विचारायचं ते ठरवलं, त्यात सगळ्यांत चांगली सूचना मंचरच्या डॉक्टरांचीच होती. पोर आधी कधी तोंडावर पडलंय का, हे पहिल्यांदा विचारायचं, ते म्हणाले, कारण एकदा पडलेलं पोर पुन्हा पडतंच. ओठ मिटतात का, खेळ कोणता, चिडवतात का आणि हा शेवटचा प्रश्न पोराला एकटं घेऊन, असं करत एक पान झालं. बायकोने ते तिच्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहून दिलं आणि प्रत्येकाने आपापल्या खुर्चीशेजारी चिकटवलं. बहुतेक मुलांना आम्ही थांबा म्हणायचो. काहींना लगेच प्लेट द्यायचो. आणि का ते आम्हाला सांगता यायचं, हे मला फार मोठं वाटायचं.

कबड्डी आणि खो-खोच्या पोरांसाठी मऊ कवचं बनवायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं आण्याच्या मुलीचं. तिला ते गुलाबी रंगाचं हवं होतं. मला गुलाबी मिळालं नाही, पारदर्शक दिलं. तिने काही तक्रार केली नाही, पण घालताना तोंड वाकडं केलं.

प्लेट तिने नेमाने घातली. वडील सांगायचे, की लग्नकार्यात जेवणापुरती काढते आणि हात धुतला, की परत घालते, पावणं बघत राहत्यात. दात आत आले, ओठ मिटायला लागले. पुढे दोन वर्षांनी मॅडमनी तारा लावल्या. तारा निघाल्या त्या दिवशी वडील पिकअप सोडून मुद्दाम वर आले होते. मुलीने आरशात बघितलं, ओठ मिटले, उघडले, परत मिटले. वडील म्हणाले, ‘आता मिटत्यात ना ग?’ ती नुसती मान हलवत राहिली. बोलायला तोंड उघडायची तिची तयारी नव्हती. मॅडमनी लगेच रिटेनरचा विषय काढला आणि तो रोज घातला नाही तर सगळं पाण्यात जाईल, असा दम दिला. कौतुकाच्या जागी त्यांना दम द्यायची सवय होती.

मॅडम रिटायर झाल्या तरी येत राहिल्या. दोन हजार उलटून काही वर्षांनी गुडघ्यांनी साथ सोडली, मग एसटीची पायरी चढवेना. तोवर पुण्यात मोठ्या हॉटेलांत दातांच्या डॉक्टरांसाठी कार्यक्रम होऊ लागले होते. मोठ्या पडद्यावर चकचकीत फोटो, गळ्यात बिल्ला, दुपारी जेवण. मी काहींना गेलो. माहिती भरपूर मिळायची. शेवटी टाळ्या व्हायच्या, मग सगळे जेवायला जायचे.

आमच्या बैठका बंद पडतील, असं मला वाटलं होतं. त्या मंचरच्या डॉक्टरांनी स्वतःच्या दवाखान्यात सुरू ठेवल्या. तरुण मुलं येऊ लागली, काही मुलीही. डॉक्टरांचा मुलगा इंटरनेटवरून पेपर काढून द्यायचा आणि ते रात्री शब्दकोश घेऊन बसायचे. या वयात हे कुठून काढलं, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, मला अक्कलदाढेचं वाईट वाटलं होतं. इतक्या वर्षांत किती जणांच्या उगाच काढल्या असतील.

आण्याची मुलगी शिकून चाकणला एका कारखान्यात लागली. बांधलेल्या दाताचं सिमेंट काही वर्षांनी झिजतं, म्हणून ते बदलायला सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते. चाकणला दातांचे चांगले डॉक्टर आहेत, असं मी तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, ‘त्यांना पयल्यापास्नं सांगावं लागंल.’

एकदा मंचरचे डॉक्टर आणि मी मॅडमना भेटायला पुण्याला गेलो. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर छापील कागद. पुतण्याने काढून दिलेला नवीन पेपर. लवकर इलाज केल्याचा खरा उपयोग कशात असेल तर पुढच्या दातांना बसणारा मार कमी होण्यात, असं आता काहीजण सांगू लागले होते. त्यांनी कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि मला आधी आण्याच्या मुलीचं विचारलं. दाताचा रंग बदललाय का? मी म्हटलं, नाही, अजून जिवंत आहे. ‘खेळते का?’ मी म्हटलं, आता नोकरीत कुठला खो-खो. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

परत येताना एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. मंचरच्या डॉक्टरांनी चष्मा लावला आणि पेपर मांडीवर घेतला. एका वाक्यावर ते अडले, मग मी अडलो, मग दोघांनी मिळून सोडवलं. चाकण आलं तेव्हा आमचं पहिलं पान जेमतेम झालं होतं.